नवगावची दफनभूमी : वारसा कुणाचा, राखण कुणाची?



या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेक जण कधी ना कधी अलिबागला गेले असतील. किहीमच्या किनाऱ्यावर गेलेलेही पुष्कळ असतील. पण किहीम आणि थळ यांच्या मधे नवगाव नावाचं गाव आहे, तिथे मुद्दाम गाडी थांबवलेले किती असतील? गेलाच असाल, तर समुद्र पाहून परत फिरला असाल. त्या गावात एक जुनी दफनभूमी आहे. आज मला तुमच्याशी तिच्याविषयी बोलायचं आहे.

ही दफनभूमी बेने इस्रायल समाजाची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंची. आपल्या कोकणातले लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. गावोगाव घाण्यावर तेल काढायचं हा त्यांचा धंदा, आणि शनिवारी काही झालं तरी घाणा बंद! शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा, सब्बाथचा दिवस. हे लोक कुठून आले, कधी आले, कसे राहिले, कुठे गेले या सगळ्या गोष्टींचा एक धागा नवगावला येऊन पोचतो.

आज मी चार गोष्टी मांडणार आहे. पहिली, या जागेशी जोडलेली आठवण. दुसरी, कोकणातल्या अशा दफनभूमींतले दगड आपल्याला काय सांगतात. तिसरी, ही जागा आज धोक्यात का आहे. आणि चौथी, आपण काय करायचं. माझं म्हणणं मात्र एकच आहे, ते आधीच सांगून टाकतो. ही दफनभूमी महाराष्ट्राच्या इतिहासाचं दप्तर आहे. ज्यांचे पूर्वज तिथे आहेत ते दूर गेले म्हणून ते दप्तर बेवारस होत नाही. ते राखण्याची जबाबदारी आपल्याकडे येते.

आठवण

बेने इस्रायल समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकीकत अशी. फार पूर्वी एक जहाज कोकणच्या किनाऱ्याजवळ, खांदेरी-उंदेरीच्या आसपासच्या खडकाळ समुद्रात फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांच्याजवळचं सगळं सामान बुडालं, धर्मग्रंथही बुडाले. किनाऱ्याला लागलेले मृतदेह नवगावात पुरले गेले, पुरुषांचे एका ठिकाणी आणि स्त्रियांचे एका ठिकाणी. दफनभूमीतले उंचवटे हीच त्यांची जागा, असं हा समाज मानत आला आहे. वाचलेल्या चौदा जणांपासून आपला सगळा समाज वाढला, अशी त्यांची श्रद्धा आहे. आज तिथे या आठवणीचा स्मारकस्तंभही आहे.

हे जहाज कधी फुटलं? या समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी ही घटना इसवीसनपूर्व १७५ च्या सुमाराची मानली. त्यांचा ग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला होता, तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. इतर अभ्यासकांनी वेगवेगळे काळ सुचवले आहेत. कुणी जेरुसलेमचं दुसरं मंदिर पाडलं गेलं त्यानंतरचा काळ सांगतो, कुणी त्याच्याही पाच-सहा शतकांनंतरचा. जवळच चौलचं बंदर आहे. इसवीसनाच्या सुरुवातीच्या शतकांत पश्चिमेकडच्या व्यापाऱ्यांना ते ठाऊक होतं. म्हणजे पश्चिमेकडून जहाजं इथे येत होती, यात शंका नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातही या समाजात मध्यपूर्वेकडचा आणि भारतीय असा दोन्ही वंशांचा अंश दिसून आला.

आता कुणी म्हणेल, उंचवटे खणून पाहा, म्हणजे निकाल लागेल! श्रोतेहो, इथेच थांबायला हवं. ज्यू धर्मशास्त्रात कबर ही कायमची असते. मोजके अपवाद सोडले तर मृताला त्याच्या जागेवरून हलवत नाहीत. मग काळ निश्चित करण्यासाठी ती जागा उकरायची का? माझं उत्तर स्पष्ट नकाराचं आहे. ज्या श्रद्धेमुळे ही जागा टिकली तीच मोडून मिळवलेलं ज्ञान आपल्याला नको.

आणि खणल्याशिवाय या जागेला मोल नाही असं थोडंच आहे? एखादा समाज ग्रंथ हरवल्यावर काय जपतो, हे इथे कळतं. या लोकांकडे ग्रंथ नव्हते, पुरोहित नव्हते, इतर ज्यूंशी शतकानुशतकं संबंध नव्हता. तरी त्यांनी शनिवार पाळला. मुलग्यांची सुंता आठव्या दिवशी केली. ‘शेमा’ ही प्रार्थना मुखोद्गत ठेवली. समुद्रकाठी राहूनही पर आणि खवले असलेलीच मासळी खाल्ली. कोळंबी, तिसऱ्या, माकुल दारात येत असताना हा नियम पाळणं म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यू विद्वानाने मासळीच्या या निवडीवरूनच त्यांना ओळखलं, अशी कथा आहे. आणि या सगळ्याबरोबर त्यांनी एक जागा जपली. आपली माणसं इथे पुरली आहेत, एवढं ते विसरले नाहीत. ग्रंथ नसताना नवगावची भूमी हीच त्यांची पहिली नोंदवही होती.

दगड काय सांगतात

आता दुसरा मुद्दा. नवगावच्या पलीकडेही अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, रोहा-अष्टमी, म्हसळा, मुरूड या पट्ट्यात हा समाज पसरला होता. अलिबागेत इस्रायल आळी आहे आणि तिथे १८४८ मध्ये स्थापन झालेलं मॅगेन अबोथ सिनेगॉग आहे. जिथे वस्ती झाली तिथे दफनभूमीही झाली. या दफनभूमींतले दगड नीट वाचले तर काय काय हाती लागतं?

पहिल्यांदा हाती लागतात आडनावं. केहिमकर किहीमचे, दिवेकर दिव्याचे, झिराडकर झिराडचे, रोहेकर, पेणकर, अष्टमकर, नवगावकर, चेऊलकर. रायगड जिल्ह्याचा नकाशाच दगडांवर पसरलेला दिसतो. ही सगळी आडनावं तुमच्या-माझ्या आडनावांसारखीच घडली आहेत. कुठल्या गावी कुणाचं घर होतं, कुठल्या खेड्यात ज्यू तेल्याचा घाणा फिरत होता, याचा दुसरा पुरावा अनेक ठिकाणी उरलेला नाही. घर पडलं, घाणा मोडला, जमीन विकली गेली. दगड उरला.

मग दिसतात लिप्या. एकाच थडग्यावर हिब्रू, देवनागरी आणि इंग्रजी. काही दगडांवर दोन, काहींवर फक्त मराठी. कुठली लिपी वर, कुठली खाली, कुठली कधी आली आणि कधी गेली, यात एका समाजाच्या मनाचा प्रवास आहे. हिब्रू त्यांच्याकडे नव्याने आली ती कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांमुळे आणि पुढे मिशनऱ्यांच्या शाळांमुळे. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं. म्हणजे हे लोक आपल्या धर्माची भाषा मराठीच्या हाताला धरून शिकले. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या त्यांच्या हगादाच्या, म्हणजे वल्हांडण सणाच्या पोथीच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधल्या आख्यानांवर मराठी कीर्तनं सुरू केली. हेच मराठीपण दगडांवर आहे. शिलालेख म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर यादवांचे शिलालेख येतात. मग दीडशे वर्षांपूर्वीच्या सामान्य माणसाने आपल्या आईसाठी कोरून घेतलेली मराठी आपण का वाचू नये? शब्दांची ठेवण, नात्यांची नावं, मृत्यूची तिथी ज्यू पंचांगाने आणि इंग्रजी तारखेने देण्याची पद्धत, हा मराठी भाषेच्या इतिहासाचाच मजकूर आहे.

मग येतात पेशे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत या समाजातले पुष्कळ लोक ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात होते आणि देशी अधिकाऱ्यांच्या पदांपर्यंत चढले होते. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात पहिलं सिनेगॉग बांधलं. मुंबईतली सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्या नावाची. पुढच्या पिढ्यांत डॉक्टर, शिक्षक, रेल्वेतले कर्मचारी, सरकारी कारकून झाले. झिराडचं नाव लावणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईत स्त्रियांच्या आरोग्यासाठी आयुष्य वेचलं आणि १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डॉ. ई. मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. वरळीचा रस्ता आपण त्यांच्या नावाने ओळखतो. जोसेफ डेव्हिड पेणकर यांच्या नाटकावरून ‘आलम आरा’ हा भारतातला पहिला बोलपट १९३१ मध्ये तयार झाला. ही माणसं एकाएकी उगवली का? त्यांच्या मागे कोकणातल्या घाण्यांपासून मुंबईच्या चाळींपर्यंतच्या कित्येक पिढ्या आहेत. त्या पिढ्यांची नावं पुस्तकांत नाहीत. ती दफनभूमींत आहेत.

आणि श्रोतेहो, दगड फक्त गोडच सांगतात असं नाही. समाजातली भांडणंही सांगतात. बगदादहून आलेले श्रीमंत ज्यू बेने इस्रायलांना बरोबरीचे मानत नसत. मुंबईतल्या सामाईक दफनभूमीत आपला आणि त्यांचा भाग वेगळा करणारी भिंत घालू द्यावी, असा अर्ज १८३६ मध्ये बगदादी मंडळींनी सरकारकडे केला होता. पुढे चिंचपोकळीला त्यांची स्वतंत्र दफनभूमी झाली. मेल्यावरही शेजार नको! जातीने पोखरलेल्या आपल्या समाजाला हे काही अनोळखी नाही. गावागावांत मसणवटे वेगळे ठेवणारे आपणच ना? दफनभूमी जपायची ती असलं काहीही न झाकता जपायची. वारसा म्हणजे केवळ अभिमानाच्या गोष्टींची यादी नसते. आपण एकमेकांशी कसे वागलो, त्याचा हिशेबही त्यातच असतो.

धोका

आता तिसरा मुद्दा. ही जागा आज धोक्यात का आहे?

पहिलं कारण, माणसं गेली. १९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. तिथेही त्यांना बरोबरीच्या मान्यतेसाठी झगडावं लागलं. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला, तेव्हा तो वाद निवळला. आज लोद, दिमोना, अश्दोद अशा गावांत त्यांची वस्ती आहे. तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. भारतात आता काही हजार ज्यू उरले आहेत, आणि त्यांतले बहुतेक मुंबई-ठाण्यात. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. पण कोकणातल्या एकेका गावी आज दिवा लावायलाही कुणी नाही. मग गवत कोण काढणार, कुंपण कोण दुरुस्त करणार?

दुसरं कारण, निसर्ग. खारा वारा, धुवांधार पाऊस, शेवाळ, दगडाच्या सांध्यात शिरणारी मुळं. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ अलिबाग-मुरूडच्या पट्ट्यावर आलं, तेव्हा किती झाडं मुळासकट उपटली हे तुम्हाला आठवत असेल. झाड उपटतं तेव्हा मुळांत अडकलेला दगडही वर येतो, आणि मग कुठला दगड कुठे होता ते सांगायला कुणी उरत नाही.

तिसरं आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे जमिनीचा भाव. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत गाड्या नेणारी बोट सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू खुला झाला. मुंबई अलिबागच्या दारात आली आणि समुद्राजवळच्या प्रत्येक गुंठ्याकडे लोकांचं लक्ष गेलं. अशा वेळी ज्या भूमीत कुणी येत-जात नाही, जिथे नवीन दफन होत नाही, ती ‘पडीक’ दिसू लागते. आधी कडेने वाट पडते, मग वाटेचा रस्ता होतो, मग कुंपण दोन हात आत सरकतं. एका दिवसात काहीच होत नाही, म्हणून कुणालाच काही झालं असं वाटत नाही.

कराचीचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. तिथेही कोकणातून गेलेले बेने इस्रायल होते. १८९३ मध्ये त्यांनी मॅगेन शालोम सिनेगॉग बांधलं. १९८८ मध्ये ते पाडलं गेलं आणि त्या जागी व्यापारी संकुल उभं राहिलं. आज त्या शहरात या समाजाची आठवण सांगणारी मुख्य जागा उरली आहे ती म्हणजे त्यांची दफनभूमी. प्रार्थनास्थळ गेलं तरी दफनभूमी साक्ष देते. पण दफनभूमीही गेली तर? मग हे लोक इथे राहत होते, हेच सिद्ध करावं लागेल.

जबाबदारी

आता चौथा मुद्दा. आपण काय करायचं?

कायदा आहेच, असं कुणी म्हणेल. १९५८ चा केंद्राचा पुरातत्त्व कायदा आहे, त्यात शंभर वर्षांची अट आहे, राष्ट्रीय महत्त्वाची कसोटी आहे. सुरतेला इंग्रजांच्या वखारीचा अधिकारी जॉर्ज ऑक्झेंडन आणि त्याच्या भावाची कबर पाहा. मनोऱ्यांची, घुमटांची, भव्य. ती संरक्षित आहे, आणि असायलाच हवी. पण वखारीच्या अधिकाऱ्याची कबर मोठी, म्हणून ती स्मारक. आणि तेल गाळणाऱ्याचं थडगं जमिनीलगत, म्हणून ते रान? इतिहासाचं मोल इमारतीच्या उंचीवरून ठरवायचं का?

आणि मराठी माणसाला समाधीचं महत्त्व कुणी शिकवावं? याच रायगड जिल्ह्यात, रायगडावर, छत्रपती शिवरायांची समाधी ओस पडली होती. महात्मा फुले तिथे गेले. १८९५ मध्ये लोकमान्यांनी ‘केसरी’तून हाक दिली आणि लोकांनी आणे-पैसे पाठवून निधी जमवला. सरकार करील म्हणून कुणी वाट पाहत बसलं नाही. तो राजा होता, हे खरं. पण लोकांनी तेव्हा घालून दिलेला धडा फक्त राजांपुरता नाही. आपल्या भूमीत विसावलेल्याची जागा आपण सांभाळायची, हा तो धडा आहे.

मग प्रत्यक्षात काय करता येईल? मी पाच कामं सांगतो. त्यांतलं एकही अवाढव्य नाही.

पहिलं काम, विचारणं. ही भूमी बेने इस्रायल समाजाची आहे. मुंबई-ठाण्यातल्या त्यांच्या संस्थांना आणि परदेशातल्या कुटुंबांना विचारल्याशिवाय एका दगडालाही हात लावू नये. आपण मदतनीस आहोत, मालक नाही.

दुसरं काम, नोंद. प्रत्येक थडग्याला क्रमांक, त्याची जागा दाखवणारा मोजून काढलेला नकाशा, आणि फोटो. झिजलेली अक्षरं भर दुपारी दिसत नाहीत. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरकं पडतं तेव्हा तीच अक्षरं उठून येतात. हिब्रू वाचणारा एक, देवनागरी वाचणारा एक आणि वहीत उतरवून घेणारा एक, एवढ्यांनी काम सुरू होतं. आपल्या महाविद्यालयांचे इतिहासाचे विद्यार्थी हे करू शकत नाहीत का?

तिसरं काम, कागद. सातबारावर ही जमीन दफनभूमी म्हणून आहे का, मोजणी झाली आहे का, हद्दीच्या खुणा जागेवर आहेत का, हे पाहणं. वारसा जपण्याच्या गोष्टी तलाठ्याच्या दप्तरात पोचल्या नाहीत तर त्या सभागृहातच राहतात.

चौथं काम, जपून दुरुस्ती. इथे उत्साहाने फार नुकसान होतं, म्हणून ठासून सांगतो. दगड उजळवायला आम्ल लावू नका. तारेच्या ब्रशने घासू नका. कोरलेल्या अक्षरांत ऑइलपेंट भरू नका. चुन्याच्या जुन्या बांधकामाला सिमेंटची ठिगळं लावू नका, त्यामुळे पाणी आत कोंडतं आणि दगड फुटतो. साधं पाणी, मऊ ब्रश आणि भरपूर धीर, एवढं पुरतं. झाड थडग्याजवळ असेल तर उपटू नका, जाणकाराकडून छाटून घ्या.

पाचवं काम, गाव. नवगावच्या माणसांना वगळून नवगावची दफनभूमी राहणार नाही. तिच्यासाठी ग्रामसभेत ठराव व्हावा. गावच्या शाळेतल्या मुलांना ही कथा शिक्षकांनी सांगावी. अलिबागजवळच्या सागावच्या एका खडकावर बेने इस्रायल लोक एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया पैगंबराच्या रथाची खूण मानतात, आणि मलिद्याच्या विधीत पोहे, गूळ, खोबरं ठेवतात, हेही त्या मुलांना कळू द्या. आपल्या गावात जगाच्या इतिहासातलं एक पान आहे, हे ज्या मुलाला कळलं, तो मोठेपणी त्या जागेचं कुंपण सरकू देणार नाही.

दोन आक्षेप नेहमी घेतले जातात, त्यांनाही उत्तर देतो. पहिला आक्षेप, जिवंत माणसांना राहायला जागा नाही, मग मेलेल्यांसाठी एवढी कशाला? पण दफनभूमीवर घरं बांधली म्हणून गरिबाला घर मिळालं असं मी तरी पाहिलेलं नाही. समुद्रालगतची जागा कुणाच्या हाती जाते ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरा आक्षेप, ज्यांची आहे त्यांनी पाहावी. ज्यांची आहे म्हणजे कुणाची? जे लोक आपल्या गावाचं नाव लावत आले, आपल्या भाषेत कीर्तन करत आले, आपल्या सैन्यात, शाळांत, दवाखान्यांत, नाटकांत राबले, ते परके कधी होते? जगात अनेक देशांत ज्यूंना छळ सोसावा लागला. या किनाऱ्यावर शेजाऱ्यांनी त्यांना छळलं नाही, हे ते आजही कृतज्ञतेने सांगतात. ते श्रेय आपण आनंदाने घेतो. मग त्या श्रेयाबरोबर आलेली जबाबदारी टाळता येईल का?

थोडक्यात सांगतो. नवगावला एका समाजाची मूळ आठवण आहे, आणि ती न खणता जपायची आहे. कोकणातल्या दफनभूमींत मराठी भाषेचा, मराठी गावांचा आणि मराठी माणसांच्या परस्पर वागण्याचा पुरावा आहे. माणसं गेल्यामुळे, हवामानामुळे आणि जमिनीच्या हव्यासामुळे तो पुरावा झिजतो आहे. आणि तो वाचवायला मोठ्या निधीपेक्षा आधी परवानगी, नोंद, सातबारा, मऊ ब्रश आणि गावाची साथ लागते.

आज इथून जाताना प्रत्येकाने एकच ठरवावं, अशी माझी विनंती आहे. आपापल्या तालुक्यात अशी एखादी जुनी दफनभूमी आहेच. ज्यूंची असेल, ख्रिस्ती लोकांची असेल, मुसलमानांची असेल, लिंगायतांची असेल. तिच्या जाणत्या माणसांना भेटा, परवानगी घ्या, आणि येत्या पावसाळ्याआधी तिथल्या पहिल्या रांगेची नावं वहीत उतरवा. पुढची रांग पुढच्या वर्षी. हे काम आपल्यानंतरच्या लोकांना सुरू ठेवता यावं, एवढं नीट आपण करून ठेवलं, तर या व्याख्यानाचं सार्थक झालं असं मी मानेन.